सहा फूट जाड भिंत

आमचे उभे आयुष्य छापखान्यात खिळे जुळविण्यात गेले. पुढे संगणक आला आणि आमची विद्या एका वर्षात निरुपयोगी ठरली. तेव्हापासून, आपण इतकी वर्षे व्यर्थ तर घालविली नाहीत ना, हा प्रश्न आम्हांस छळीत असे. कन्येकडे शिकागोस गेलो असता तिने आम्हांस डिअरबॉर्न रस्त्यावरील मोनॅडनॉक नावाची कचेऱ्यांची इमारत दाखविली.

प्रथम आम्हांस हसूच आले. याच शहरात १८८५ साली विल्यम ले बॅरन जेनी यांनी होम इन्शुअरन्स कंपनीची दहा मजली इमारत मुख्यतः धातूच्या सांगाड्यावर उभारली होती. भार सांगाड्याने वाहावा, भिंतीने केवळ ऊन-वारा अडवावा, ही युक्ती साधली असता जॉन वेलबोर्न रूट यांनी सोळा मजल्यांच्या बाहेरील भिंती भार वाहणाऱ्या विटांच्याच रचाव्या, हा हट्ट नव्हे काय? त्यापायी तळाशी भिंत सहा फूट जाड झाली. भाड्याची तितकी जागा विटांनी खाल्ली. शिकागोच्या मऊ मातीत इमारत आठ इंच खचेल असा हिशेब होता. ती त्याहून पुष्कळ अधिक खचली.

परंतु जवळ गेल्यावर हसू मावळले. बोस्टनचे मालक पीटर ब्रुक्स यांस नक्षी नको होती. म्हणून रूट यांनी सारे सौंदर्य भिंतीच्या रेषेतच आणिले आहे: पायाशी किंचित पसरलेली, मध्ये उभी चढत गेलेली, माथ्याशी पुनः हलकेच बाहेर झुकलेली. १८९१ च्या जानेवारीत, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, रूट वारले. त्याच वर्षी पुरी झालेली ही इमारत त्यांनी पाहिली नाही. १८९३ साली तिला जोडूनच दक्षिणेचा भाग होलाबर्ड व रोश यांनी पोलादी सांगाड्यावर बांधिला. एका रीतीचा शेवट आणि दुसरीचा आरंभ तेथे शेजारी शेजारी उभे आहेत.

होम इन्शुअरन्सची इमारत १९३१ साली पाडण्यात आली. तिची युक्ती जगभर पसरली, इमारत मात्र उरली नाही. मोनॅडनॉकची रीत मागे पडली, परंतु तिच्या खोल्यांत आजही माणसे कामास येतात.

आम्ही त्या भिंतीवर हात ठेविला. कन्या म्हणाली, "बाबा, ही तुमच्या खिळ्यांसारखीच की!" आम्ही काही बोललो नाही. परंतु जी रीत संपणार आहे, तिचेही अखेरचे काम नेटके करावे, यात व्यर्थ असे काही नाही, हे त्या दिवशी आमच्या मनास पटले.