स्पायडर-मॅनचा सौदा

वीरकथा वाचतांना वीराच्या अंगबळाचें कौतुक आपणांस वाटतें, हें खरें; परंतु तें कौतुक फार दिवस टिकत नाहीं. भिंतीवर चढणें, इमारतींवरून झोके घेणें, मोटार उचलून फेंकणें, या गोष्टी दहा वेळां पाहिल्या म्हणजे सवयीच्या होतात. टिकतो तो विश्वास. ‘कितीही संकट आलें तरी हा मनुष्य अमुक गोष्ट करणार नाहीं,’ ही खात्री एकदां मनांत बसली, कीं त्या वीराच्या कथा आपण वर्षानुवर्षें वाचीत राहतों. ती खात्री लेखकानेंच मोडली तर वाचकाची काय स्थिति होते, तें मला एका इंग्रजी चित्रकथेनें शिकविलें. तिजविषयीं चार शब्द येथें लिहीत आहें.

ती कथा आहे स्पायडर-मॅनची. चित्रपटांमुळें हा वीर आपल्या शाळेंतील लहानथोर सर्वांस परिचित आहे. परंतु त्याचा जन्म झाला तो १९६२ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या एका स्वस्त मासिकांत. स्टॅन ली यांनीं ती पहिली कथा लिहिली आणि स्टीव्ह डिट्को यांनीं ती चितारली. पीटर पार्कर हा आईबापांवेगळा मुलगा न्यू यॉर्क शहरांत आपल्या बेन काकांच्या व मे काकूंच्या घरीं वाढतो. किरणोत्सर्गी कोळी चावल्यानें त्यास विलक्षण शक्ति प्राप्त होते, व शक्तीबरोबर थोडा गर्वही येतो. समोरून पळणाऱ्या चोरास अडविण्याचें तो मनावर घेत नाहीं; आणि पुढें तोच चोर त्याच्या काकांचा प्राण घेतो. त्या रात्रीं पीटरला कळून येतें, कीं ज्याच्या अंगीं सामर्थ्य आहे त्याच्या शिरावर कर्तव्याचेंही ओझें आहे. पुढील सर्व कथा याच एका बोधावर उभ्या आहेत.

माझ्या मामांनीं लहानपणापासून जमविलेले जुने अंक एका पत्र्याच्या पेटींत ठेविलेले आहेत. सुटींत आजोळीं गेल्यावर त्या पेटीची किल्ली मला मिळते. १९८७ सालीं पीटरचा मेरी जेन वॉटसन हिच्याशीं विवाह झाला, तो अंकही त्या पेटींत आहे. त्या वर्षीं जूनमध्यें न्यू यॉर्कच्या एका मोठ्या क्रीडांगणावर, स्टॅन ली यांच्या उपस्थितींत, या काल्पनिक वधूवरांचा विवाहसोहळासुद्धां साजरा झाला होता. त्यानंतर वीस वर्षें हें जोडपें भाड्याच्या खोलींत, पैशाच्या ओढाताणींत, परंतु एकमेकांवर विश्वास ठेवून राहिलें. मला हा संसार फार आवडे, कारण तो माझ्या ओळखीचा होता. माझ्या घरींही महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत असेच हिशेब चालतात.

आतां त्या निराशाजनक कथेकडे वळतों. तिचें नांव ‘वन मोअर डे’, म्हणजे ‘आणखी एक दिवस’. २००७ सालच्या अखेरीस ती चार भागांत प्रसिद्ध झाली. लेखक होते जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की, आणि चित्रकार होते त्या प्रकाशनसंस्थेचे तेव्हांचे मुख्य संपादक ज्यो केसाडा. तत्पूर्वींच्या कथेंत पीटरनें सर्व जगासमोर आपला मुखवटा काढलेला असतो. त्यामुळें शत्रूंस त्याचें घर कळतें. किंगपिन नांवाचा गुंडांचा राजा मारेकरी पाठवितो, आणि गोळी लागते ती मे काकूंस. काकू रुग्णालयांत बेशुद्ध पडतात. पीटर नाना ठिकाणीं धांवतो. मांत्रिक डॉक्टर स्ट्रेंज यासही उपाय सांपडत नाहीं. तेव्हां मेफिस्टो नांवाचा सैतान पुढें येतो. तो पीटरचा आत्मा मागत नाहीं. तो मागतो त्याचा विवाह. पवित्र प्रेम नष्ट करण्यांत आपणांस अधिक आनंद आहे, असें त्याचें म्हणणें. पतिपत्नी अखेर तो सौदा मान्य करतात. पीटर जागा होतो तो काकूंच्या घरीं, अविवाहित. काकू धडधाकट असतात, आणि त्या विवाहाची आठवण जगांत उरलेली नसते.

चित्रें सुंदर आहेत, हें कबूल केलें पाहिजे. परंतु अंक मिटल्यावर मला वाटलें, कीं हा पीटर पार्कर नव्हे. ज्याचें सारें चरित्र आपल्या कृत्याचें फळ आपण भोगावें या तत्त्वावर घडलें, तोच येथें फळ भोगण्याचें टाळण्यासाठीं सैतानाशीं करार करतो. आणि ज्यांच्यासाठीं करतो, त्या काकूंस याची वार्ताही नसते.

मामांच्या पेटींत १९६६ च्या फेब्रुवारी महिन्याचा एक अंक आहे. त्यांतही मे काकू मरणोन्मुख आहेत, आणि तेथेंही दोष नकळत पीटरचाच आहे. त्यानें दिलेल्या रक्तांतील किरणोत्सर्गानें त्या आजारी पडल्या आहेत. औषध हातभर अंतरावर पडलें आहे, पण पीटर एका प्रचंड यंत्राखालीं दडपला गेला आहे, आणि वरून पाणी गळत आहे. कित्येक चित्रांतून तो तें ओझें तसूतसूनें उचलतो. त्याची खांद्यांची थरथर आपल्या खांद्यांस जाणवते. काकू त्याही वेळीं वांचल्या. परंतु पीटरनें किंमत दिली ती स्वतःच्या हाडामांसानें. एकाच प्रसंगाच्या या दोन कथा शेजारीं ठेवल्या, म्हणजे मधल्या काळांत काय हरवलें तें दिसतें.

शिवाय काकूंस शांतपणें निरोप देणें या लेखकवर्गास अशक्य होतें असेंही नाहीं. १९९५ सालीं, चारशेव्या अंकांत, जे. एम. डीमॅटीस यांनीं मे काकूंचा मृत्यु लिहिला होता. ‘तूं कोण आहेस हें मला केव्हांच ठाऊक होतें,’ अशा अर्थाचें त्या पीटरला सांगतात, आणि घरच्या माणसांत शांतपणें डोळे मिटतात. पुढें १९९८ सालीं, मेली ती काकूंचें सोंग घेतलेली नटी होती, असें दाखवून तो मृत्युही रद्द केला गेला!

या विषयीं मला इतकें कां वाटतें, त्यास एक घरगुती कारण आहे. दोन वर्षांपूर्वीं माझी आजी फार आजारी पडली. शस्त्रक्रिया केल्यास थोडे दिवस वाढतील, असें डॉक्टरांनीं सांगितलें. बाबांनीं गांवचें शेत व ताईच्या शिक्षणासाठीं ठेविलेली रक्कम, दोन्ही मोडण्याचा विचार केला. परंतु त्यांनीं एक गोष्ट केली. ते आजीच्या उशाशीं बसले आणि तिला सर्व सांगितलें. आजी म्हणाली, “अरे, पोरीच्या शिक्षणाचे पैसे खाऊन मी जगलें, तर तें जगणं माझ्या घशाखालीं उतरायचं नाहीं.” ती त्यानंतर दिवाळीपर्यंत होती. रोज संध्याकाळीं ताई तिला वर्तमानपत्र वाचून दाखवी. प्रत्येक घरीं असाच निर्णय व्हावा असें मी म्हणत नाहीं. उपचार करणें हेंही प्रेमच आहे. पण तिला विचारलें गेलें, यांत तिचा मान होता. मे काकूंना कोणीं विचारलें?

संपादकांची बाजूही सांगणें न्याय्य होईल. विवाहित वीर तरुण वाचकांस परका व प्रौढ वाटतो, आणि घटस्फोट दाखविल्यास तो अधिकच प्रौढ दिसेल, असें केसाडा यांचें मत होतें. स्वतः स्ट्रॅझिन्स्की यांस शेवट पसंत नव्हता. अखेरच्या भागांवरून आपलें नांव काढावें असें त्यांच्या मनांत आलें होतें, हें त्यांनीं उघडपणें सांगितलें. पण मी तरुण वाचकच आहें, आणि मला तो संसार कधीं परका वाटला नाहीं. आपल्याकडे सावित्रीही यमाशीं बोलणीं करतेच कीं! परंतु ती चातुर्यानें आणि निष्ठेनें वर मिळविते, आणि त्या निष्ठेचें मूळ तिच्या विवाहांतच आहे. पीटरनें तेंच मूळ मोल म्हणून दिलें.

वाचकांस हें रुचलें नाहीं, याची साक्ष पुढील घटनांत आहे. २००९ सालीं वर्तमानपत्रांतील स्पायडर-मॅनच्या चित्रमालिकेंतही विवाह पुसण्यांत आला. पण त्याच वर्षीं, तें सारें स्वप्न होतें असें दाखवून तो परत आणावा लागला. २०२४ सालीं जोनाथन हिकमन यांनीं एका निराळ्या विश्वाची कथा सुरू केली. तींत पीटर विवाहित असून दोन मुलांचा बाप आहे, आणि ती मालिका वाचकांनीं उचलून धरली.

माझ्या मित्रांस माझें सांगणें एवढेंच, कीं ‘आणखी एक दिवस’ वाचावयाचें असल्यास अवश्य वाचा. परंतु आधीं १९६६ चा तो तेहेतिसावा अंक मिळवून वाचा. ओझें कसें उचलावें तें त्यांत आहे.

— इयत्ता दहावीचा एक विद्यार्थी