काळ्या ट्रंकांचा मे महिना

मे महिना लागला की आमच्या गणेशपूरच्या रस्त्यावर सामानाचे टेम्पो दिसू लागतात. फाळक्याआडून काळ्या लोखंडी ट्रंका डोकावतात. त्यांवर पांढऱ्या रंगाने नाव, नंबर आणि हुद्दा लिहिलेला असतो. खाली जुना पत्ता खोडून नवा घातलेला. एकदा एका ट्रंकेवर मी अशी पाच गावे मोजली होती. टेम्पो पाहिला की मी ओळखते, आज ना उद्या कोणीतरी दाराशी येऊन विचारणार, "ताई, खोली मिळंल का हो?"

बेळगाव म्हटले की पाहुण्यांना कुंदा आणि पाऊस आठवतो. पण कॅम्पात शिरले की दुसरेच बेळगाव सुरू होते. मोठमोठी झाडे, कौलारू बंगले, मिलिटरी महादेवाचे देऊळ आणि पहाटेच्या धुक्यात एका ठेक्यात धावणारी पोरे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून इथे आहे. तिकडे सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र. कॅन्टीन, लष्करी दवाखाना आणि केंद्रीय विद्यालय जवळ असल्याने नवरा सीमेवर असला तरी अनेक जण बायकामुलांना इथेच ठेवतात. गणेशपूर आणि हिंडलगा भागात गल्लीत एक तरी फौजी घर सापडतेच.

मी घरे दाखवते. लोकभाषेत दलाल. सुरुवात यजमानांच्या झेरॉक्सच्या दुकानातून झाली. फौजींच्या बायका शाळेच्या दाखल्याच्या प्रती काढायला यायच्या आणि जाता जाता खोलीची चौकशी करायच्या. दोन-चार जागा मी अशाच सांगितल्या आणि पुढे तोच धंदा झाला.

या धंद्यात एक चूक माझ्या पदरी आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे खोटे ठरेल.

वीसेक वर्षांपूर्वी एक हवालदार निवृत्त होऊन आले. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात राहिलेला माणूस, स्वतःची दोन गुंठे जागा हवी म्हणाला. मी त्यांना शेतात आखलेला एक प्लॉट दाखवला. व्यवहार बाँड पेपरवर झाला. "सगळे असेच घेतात," असे मीच म्हणाले होते. जमीन एनए नव्हती, लेआउटला मंजुरी नव्हती. बाँडवर सही झाली म्हणून जमीन आपल्या नावावर होत नाही, त्यासाठी उपनिबंधकांकडे खरेदीपत्र नोंदवावे लागते, हे मला ऐकून माहीत होते. पण कमिशन समोर दिसत होते. पुढे त्यांना ना खाते उतारा मिळाला, ना बांधकामाचा परवाना. मी कमिशन परत केले. पण बाकीची फंडाची रक्कम थोडीच माझ्या हातात होती! ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

तेव्हापासून काही नियम पाळते. उतारा, एनएचा आदेश, मंजूर नकाशा आणि बोजा दाखला पाहिल्याशिवाय कोणालाही जागा दाखवायची नाही. दर उन्हाळ्यात एका रविवारी घराच्या अंगणात चटई टाकून नव्याने आलेल्यांना आणि निवृत्तीला आलेल्यांना हेच कागद कसे वाचायचे ते सांगते. त्याचे पैसे घेत नाही. उतारा कन्नडात असतो, तेव्हा शेजारचे एक निवृत्त गुरुजी मदतीला येतात. माझ्याकडे एक कागदही आहे. मराठी, हिंदी आणि कन्नड अशा तीन भाषांत. दूध कुठे मिळते, रात्रीचा डॉक्टर कोण, गॅसची बदली कशी करायची, अकरा महिन्यांच्या करारात काय पाहायचे, सगळे त्यात आहे. माळ्यावर दोन गाद्या, शेगडी, बादली आणि चार ताटे ठेवली आहेत. ट्रंका उशिरा पोहोचल्या तर पहिली रात्र अडू नये म्हणून.

खरी अडचण मात्र वेगळीच असते. नवरा सीमेवर आणि बाई एकटी मुलांसह राहणार म्हटले की घरमालक मान हलवतात. "पुरुष माणूस नाही का घरात?" असे विचारतात. देशाचे रक्षण करणाऱ्यांचे कौतुक सगळ्यांना, पण खोली द्यायची वेळ आली की शंका.

मे २०२५ मध्ये चंदगड तालुक्यातला एक नाईक सुट्टीवर आला होता. उत्तरेतले सरकारी क्वार्टर सोडून बायको आणि दोन मुलांना शाळेसाठी बेळगावात ठेवायचे होते. मी बैलहोंगलकडच्या एका आज्जींची वरची खोली ठरवली. आज्जींना मराठी जेमतेम, त्या मुलीला कन्नड अजिबात नाही. ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला फोन आला. सुट्टी रद्द. निम्मे सामान टेम्पोतच होते. तो संध्याकाळच्या गाडीने गेला. मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून राहिली.

मला वाटले, आता आज्जी नको म्हणणार. त्या खाली आल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काळजी माडब्याड. नी नम्म मगळ हांग. ऊट आतेनु?" तिला त्यातला एकच शब्द कळला, काळजी. तो दोन्ही भाषांत आपलाच आहे ना! गल्लीतल्या पोरांनी ट्रंका वर नेल्या. रात्री आज्जींनी तिघांना भाकरी आणि झुणका वाढला. टीव्ही मात्र त्यांनी मुद्दाम लावला नाही.

१० मेला गोळीबार थांबल्याची बातमी आली. चार दिवसांनी त्याचा फोन आला. त्या वेळी ती आज्जींच्या चुलीपाशी बसून ओंदु, एरडु, मूरु शिकत होती.

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती भेटली. आज्जींशी कन्नडात भांडत होती, तिळगुळात गूळ किती घालायचा यावरून. मी नुसती ऐकत बसले.

ते हवालदार अजून भाड्याच्याच घरात राहतात. दर वर्षी माझ्या चटईवर पहिल्या ओळीत येऊन बसतात आणि शेवटी उठून नव्या पोरांना सांगतात, "ताई म्हणतात ते कागद आधी बघा." त्या वेळी मला मान वर करवत नाही.