पॅरासिटामॉलचं दुसरं नाव

मेलबर्नच्या आग्नेयेला असलेल्या क्लेटनमध्ये मोनाश विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी १९६१ साली वर्गात बसले. आज तिथल्या हारग्रेव्ह-अँड्र्यू ग्रंथालयात आरोग्यशास्त्राचा वाचक कपाटांकडे कमी आणि स्क्रीनकडे जास्त वळतो. पबमेड, ओव्हिड मेडलाइन, कॉक्रेन लायब्ररी अशी भांडारं उघडी आहेत. अडतं ते शब्दापाशी.

समजा, मुंबईहून शिकायला आलेल्या एखाद्या मुलीनं विचारलं, तापानं फणफणलेल्या लहान मुलाला पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आलटून पालटून द्यावं का? नवखा ग्रंथपाल उत्साहानं डेटाबेसची लांबलचक यादी पुढे ठेवतो. मुलगी मान डोलावते, आभार मानते आणि खोलीवर जाऊन गुगल उघडते.

मुरलेला ग्रंथपाल खुर्ची ओढून शेजारी बसतो. रुग्ण कोण, औषध कोणतं, तुलना कशाशी, परिणाम कोणता पाहायचा, हे आधी विचारून घेतो. मग तिच्याच हातून शोध करवतो आणि आतली गंमत दाखवतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ‘मेश’ ही विषयशब्दांची सूची १९६० पासून चालत आली आहे. तिच्यात पॅरासिटामॉलचं नाव ॲसिटामिनोफेन आणि हार्ट अटॅकचं मायोकार्डिअल इन्फार्क्शन. साधा शब्द टाकला तर पबमेड ही अदलाबदल स्वतःच करतं. तोच शब्द अवतरणचिन्हांत टाकला की करत नाही, आणि अमेरिकी लेखकांचे कितीतरी लेख हातचे जातात. शिवाय सगळ्याच नोंदींना मेशचे शब्द लावलेले नसतात, म्हणून दोन्ही नावं घातलेली बरी. ॲनिमियाच्या ब्रिटिश स्पेलिंगमधला जास्तीचा ‘ए’ही असाच दगा देऊ शकतो.

वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं. ‘इंडेक्स मेडिकस’ या वैद्यकीय लेखसूचीचे छापील खंड चाळण्याच्या काळात वेळ पानं उलटण्यात जाई. आता तो नको असलेले निकाल खाली सरकवण्यात जातो.

त्या तापाच्या प्रश्नावर कॉक्रेनचा आढावा २०१३ मध्येच आलेला आहे. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या कुणालाही तो फुकट वाचता येतो. पबमेड तर नाशिकमध्ये बसूनही फुकटच. तिथे ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन आपल्या शोधाचा तपशील एकदा उघडून बघा. आपण काय टाइप केलं आणि यंत्राला काय कळलं, दोन्ही शेजारी शेजारी दिसतं.