ताकातला पाव

पाव म्हटला की वाट बघणं आलं. यीस्ट फसफसायची वाट, पीठ दुप्पट व्हायची वाट, ते दाबून खाली बसवलं की पुन्हा वर यायची वाट. आयर्लंडच्या सोडा ब्रेडला मात्र थांबणं ठाऊक नाही. पिठात ताक पडलं की सगळी घाई त्याचीच असते. ओव्हन आधीच तापलेला हवा, हात लवकर चालायला हवा, गोळा लगेच आत जायला हवा. पीठ चाळायला घेतल्यापासून तासाभरात पाव ओट्यावर असतो. कॉर्कमधल्या माझ्या स्वयंपाकघरात तो आता इतका नेमाचा झाला आहे की फ्रिजमधलं ताक संपत आलं की घरातलं काहीतरी महत्त्वाचं संपत आल्यासारखं वाटतं.

जिनसा चारच. मैदा, मीठ, खाण्याचा सोडा आणि ताक. ४५० ग्रॅम मैद्याला सपाट चमचाभर मीठ, सपाट चमचाभर सोडा आणि ३५० ते ४०० मिलिलिटर ताक. बाहेर हवा किती दमट आहे आणि पीठ कोणतं आहे यावर ताक थोडं कमीजास्त. तपकिरी पाव हवा असेल तर अर्ध्याहून जास्त मैद्याच्या जागी कोंड्यासकटचं जाडसर गव्हाचं पीठ. साखर नाही, अंडं नाही, लोणीसुद्धा नाही. लोणी का नाही, हे पुढे येईलच, कारण या पावाची खरी गोष्ट तीच आहे.

सोडा मी तळहातावर घेते आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी चोळून काढते. एकही खडा राहता कामा नये. राहिला तर कापलेल्या पावात तेवढ्या जागी पिवळट ठिपका दिसतो आणि जिभेला कडू, साबणाची चव लागते. मग पीठ, मीठ आणि सोडा चाळणीतून पसरट परातीत पाडायचं, मधे खळगा करायचा आणि जवळजवळ सगळं ताक एकदम ओतायचं. एका हाताची बोटं ताठ, फाकवलेली ठेवायची आणि मधून सुरुवात करून कडेपर्यंत गोल गोल फिरवत न्यायची. दुसरा हात कोरडा राहतो, परात धरायला. मळायचं नाही. पोळ्यांची सवय असलेल्या हाताला हे पटवणं सोपं नसतं. कणीक दिसली की मनगट आपसूक जोर लावतं. इथे जोर लावला की पाव दडस झालाच म्हणून समजा. पीठ कुठे कोरडं राहिलं नाही, सगळं एकत्र आलं, की हात काढून घ्यायचा. तेवढ्यात बोटांखाली पीठ हलकं होत असल्याचं जाणवतं. वरच्या अंगाला बारीक छिद्रं दिसू लागतात. ताकातलं लॅक्टिक आम्ल सोड्याला भिडलेलं असतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठत असतात. ते कोणासाठी खोळंबत नाहीत. पिठाचं ओलं जाळं आचेने घट्ट होऊन त्यांना धरून ठेवील तेवढाच पाव फुगणार.

म्हणून गोळा पिठी लावलेल्या ओट्यावर घ्यायचा, हलक्या हाताने दीड इंच जाडीचा थापायचा आणि सुरीने या कडेपासून त्या कडेपर्यंत खोल फुली मारायची. पहिली पंधरा मिनिटं २३० अंश सेल्सिअस, मग २०० अंशांवर साधारण अर्धा तास. झाला की पालथा करून बुडावर बोटाच्या पेराने वाजवायचा. आतून पोकळ आवाज आला की पाव शिजला. कवच कडक आवडत असेल तर तो जाळीवर उघडाच ठेवायचा. मऊ हवं असेल तर स्वच्छ पंच्यात गुंडाळायचा.

त्या फुलीविषयी इथे प्रत्येकाचं काही ना काही म्हणणं असतं. कोणी म्हणतं तो क्रूस आहे, देवाचं नाव घेऊन पाव भाजायचा. कोणी म्हणतं पावातल्या पऱ्यांना बाहेर पडायला वाट ठेवायची, नाहीतर त्या पाव बिघडवतात. ओव्हनसमोर बसून पाहिलं की दिसतं, फुलीच्या जागी पाव उमलतो, आच मधल्या जाड भागापर्यंत पोचते, आणि नंतर हातानेच त्याचे चार सरळ तुकडे होतात. ही तिन्ही कारणं मला एकमेकांच्या विरोधातली वाटत नाहीत. दाणागोटा बेताचा आणि कुटुंब मोठं अशा घरात पाव बिघडणं ही लहान गोष्ट नव्हती. तो नीट शिजावा म्हणून सुरी जितकी खोल जायची, तितक्याच खोलवरून प्रार्थनाही यायची.

हा पाव आयर्लंडमध्येच का रुजला, याचं पहिलं उत्तर इथल्या पावसात आहे. दमट, सौम्य हवेत पिकणारा इथला गहू मऊ असतो, त्यात प्रथिनं कमी. यीस्टच्या पावाला तासन्‌तास ताणलं जाणारं चिवट ग्लुटेन लागतं, ते या पिठात पुरेसं नसतं. सोड्याला त्याची गरजच नाही. झटपट फुगायचं, झटपट शिजायचं, तर मऊ पीठच बरं. यीस्टचंही तेच. ती दारू गाळणाऱ्यांकडून आणायची, जिवंत ठेवायची, थंडीत जपायची. कुठल्याशा टेकडीआडच्या एकट्या शेतघराला हे कसं झेपावं? सोडा कोरडा, डब्यात महिनोन्‌महिने राहणारा. १८३० च्या दशकात कारखान्यांत तयार झालेला सोडा इथे मिळू लागला आणि त्याच दशकात त्याच्या पावाची कृती छापून येऊ लागली. हा पाव प्राचीन असल्यासारखा वाटतो, पण त्याचं वय दोनशे वर्षांच्या आतलंच आहे. त्याने मला तो कमी आवडत नाही. उलट, कारखान्यातून आलेली एक नवी पांढरी पूड या घरांतल्या बायकांनी इतक्या लवकर आपलीशी केली, याचं कौतुकच वाटतं.

ओव्हन तर फार थोड्या घरांत होते. होती ती चूल, आणि चुलीत जळायचा टर्फ, म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली कुजकी पाला-माती. त्याच्या निखाऱ्यांवर जाड बिडाचं, तीन पायांचं, सपाट बुडाचं भांडं ठेवायचे. त्याला बॅस्टिबल म्हणतात. गोळा आत ठेवून झाकण लावायचं आणि झाकणावरही निखारे रचायचे. खालून आच, वरून आच. उत्तरेकडच्या परगण्यांत पीठ गोल थापून, चार फाका करून, तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकतात. त्या फाकांना फार्ल म्हणतात. खेडोपाडी वीज नेण्याचं काम १९४६ साली सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं चाललं. म्हणजे आज इथे ज्या आजी चहाबरोबर सोडा ब्रेड पुढे करतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी लहानपणी झाकणावरचे निखारे पाहिले आहेत.

आता लोण्याची गोष्ट. कॉर्क शहराच्या शँडन भागात, सेंट ॲन चर्चच्या घंटा ऐकू येतात तिथे, १७७० साली लोण्याचा बाजार सुरू झाला. एकोणिसाव्या शतकात तो जगातला सर्वांत मोठा लोण्याचा बाजार होता. कॉर्क आणि केरी परगण्यांच्या डोंगराळ भागांतून शेतकरी खारवलेलं लोणी लाकडी पिंपांत दाबून घेऊन यायचे. त्या पिंपाला फर्किन म्हणायचे आणि त्यात ५६ पौंड, म्हणजे पंचवीस किलोंच्या आसपास लोणी मावायचं. बाजारात त्याचा दर्जा ठरायचा आणि मग ते बंदरातून जहाजांवर चढून ब्रिटनला, पार वेस्ट इंडीजला जायचं. त्या काळी ज्या रस्त्यांनी लोणी आलं, त्यांना अजून लोण्याचे रस्ते म्हणतात. १९२४ साली बाजार बंद झाला. आता तिथे लोण्याचं संग्रहालय आहे आणि त्यात दलदलीत पुरून ठेवलेलं सुमारे हजार वर्षांपूर्वीचं लोणीही पाहायला मिळतं.

या लोण्याच्या पैशातून जमीनदाराचा खंड भरला जायचा. म्हणजे लोणी घुसळणाऱ्या घराला ते खायला मिळेलच असं नव्हतं. पण लोणी काढलं की मागे काय उरतं, ते आपल्याला कोणी सांगायला नको. ताक बाजारात जात नसे. ते आंबट, पातळ, नाशवंत. त्यावर खंड भागत नव्हता. म्हणून ते घरात राहिलं. आधी ते उकडलेल्या बटाट्यांबरोबर प्यायलं गेलं आणि सोडा आल्यावर त्यानेच पाव फुगवला. सोडा ब्रेडच्या पिठात लोणी नसण्याचं कारण चवीत शोधून सापडायचं नाही, ते खंडाच्या हिशेबात आहे.

बटाट्यांवर १८४५ साली रोग पडला आणि पुढची सहा-सात वर्षं दुष्काळाची गेली. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती, १८५१ मध्ये ती ६५ लाखांवर आली. दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. त्या वर्षांतही लोणी बंदरांतून बाहेर जात होतं. हे वाचलं तेव्हा मी संग्रहालयातली ती देखणी लाकडी पिंपं पुन्हा एकदा पाहायला गेले, आणि या वेळी मला त्यांच्या सुबक कड्यांपेक्षा त्यांचं वजनच जास्त दिसलं. दुष्काळानंतर बटाट्यावरचा भरवसा उडाला आणि पाव-चहाने घराघरांत जागा घेतली. देशाबाहेर गेलेल्यांनी अमेरिकेत या पावात साखर, मनुका, शहाजिऱ्यासारखे दिसणारे कॅरावेचे दाणे घातले आणि तो १७ मार्चच्या सेंट पॅट्रिकच्या सणाचा गोड पाव झाला. इथे मात्र तो रोजचाच राहिला.

ताक घुसळण्याभोवतीच्या किती समजुती होत्या, हे १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनी लिहून काढलं. देशभरातल्या प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांच्या मुलांनी आजी-आजोबांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून गावच्या रीती वह्यांत उतरवल्या. पाव आणि घुसळण हे दोन्ही विषय त्यात होते. घुसळण चालू असताना कोणी दारात आलं तर त्याने देवाचं नाव घेऊन दांडा हलवायलाच हवा, नाहीतर लोण्याची बरकत त्याच्याबरोबर निघून जाते. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी पहाटे दुसऱ्याच्या शेतातलं दव गोळा करणारी बाई त्याचं वर्षभराचं लोणी पळवते. चार गायींवर सगळं घर उभं असलं की त्या गायींवर राखण अशी बसवावी लागते. बाजारात काय गेलं याच्या वह्या व्यापाऱ्यांनी नीट ठेवल्या. घरात काय उरलं याची वही त्या मुलांनी लिहिली, हे मला या देशाचं मोठं भाग्य वाटतं.

केरीगोल्ड हे आज जगभर ओळखलं जाणारं आयरिश लोणी १९६२ साली आधी ब्रिटनच्या दुकानांत आलं, आयर्लंडच्या दुकानांत ते दिसायला आणखी दहाएक वर्षं जावी लागली. लोण्याला बाहेरची वाट आधी, ही रीत जुनीच. आता मात्र ते इथल्या प्रत्येक फ्रिजमध्ये असतं. गरम पाव फुलीवर मोडावा, त्याच्या खडबडीत पोटात खारं लोणी जाडसर लावावं, ते कडेने पिवळं होऊन आत मुरू द्यावं. कितीतरी पिढ्या एका घुसळणीतून निघालेल्या या दोन गोष्टी, एक जहाजात आणि एक परातीत, दोन दिशांना गेल्या. एका घासात त्या पुन्हा भेटतात, आणि इथल्या माणसांना ते साधं सुख आता रोज मिळतं याचा मला मनापासून आनंद होतो.

या पावाचा एक दोष सगळे सांगतात: तो दुसऱ्या दिवशी वाळतो, तिसऱ्या दिवशी भाजूनच खावा लागतो. मला तो भाकरीच्या जवळचा वाटतो तो इथेच. भाकरीही साठवून ठेवायची गोष्ट नाही. ती ज्या वेळेची त्या वेळेला थापावी लागते, म्हणून थापणारा हात मोडीत निघत नाही. सोडा ब्रेडही रोज नव्याने करावा लागतो, म्हणूनच आईचं बघून लेक तो करत आली. टिकाऊ असता तर बेकरीवाल्यांच्या स्वाधीन होऊन घराघरांतून तो कधीच गेला असता.

ज्यांच्या घरी अजून विरजण लागतं आणि लोणी निघतं, त्यांना हा पाव करायला परदेशातून काहीही मागवावं लागणार नाही. ताकात पाणी घालू नका, ते दाट आणि चांगलं आंबट हवं. आपली कणीक पाणी जास्त पिते, तेव्हा पहिल्यांदा मैदाच जास्त घ्या आणि कणीक मूठ-दोन मूठ. सोडा ताजा आहे ना, ते ताकाच्या थेंबावर टाकून पाहा. फसफसला की झालं. लोणी कढवायला ठेवलं असेल, तर त्यातलं थोडं बाजूला काढा. आणि उरलेल्या ताकाची कढी करण्याआधी एकदा ओव्हन तापवा.