मेदपेशींची घडण आणि वराहाची जनुके

प्राण्याच्या शरीरातील जवळजवळ सर्व पेशींत एकच जनुकसंच असतो. तरीही स्नायूची पेशी आकुंचन पावते आणि मेदपेशी चरबी साठवते, कारण कोणत्या पेशीत कोणती जनुके कार्यरत राहावीत हे वेगवेगळे ठरते. जनुकातील माहितीची संदेशक आरएनए या रेणूच्या रूपाने नक्कल निघून तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होणे, याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. मेदपेशी घडताना ती कशी बदलते, हे अभ्यासण्यास वराह सोयीचा ठरतो, कारण नवजात पिलाच्या वजनात चरबी जेमतेम १ ते २ टक्के असते आणि दूध पिण्याच्या काळात ती झपाट्याने वाढते.

मेदपेशीची पूर्वावस्था म्हणजे पूर्वमेदपेशी. ती मेदऊतीतील रक्तवाहिन्यांलगत आढळते, तंतुपेशीसारखी दिसते आणि प्रेफ-१ या जनुकाच्या प्रभावामुळे अपक्व राहते. इन्शुलिन व ग्लुकोकॉर्टिकॉइड या संप्रेरकांचे संकेत मिळाले की प्रेफ-१ मंदावते, सीईबीपी-बीटा व सीईबीपी-डेल्टा ही आरंभीची नियामक जनुके जागी होतात, आणि त्यांची प्रथिने पीपीएआर-गॅमा व सीईबीपी-अल्फा या प्रमुख नियामकांना चालना देतात. हे दोघे एकमेकांची अभिव्यक्ती वाढवत राहतात, त्यामुळे एकदा सुरू झालेली घडण सहसा मागे फिरत नाही. त्यानंतर मेदाम्ले आत घेणारी, ती तयार करणारी आणि चरबीच्या थेंबाभोवती आवरण घालणारी प्रथिने निर्माण होतात, आणि पक्व पेशी लेप्टिन व ॲडिपोनेक्टिन ही संप्रेरके रक्तात सोडू लागते.

या क्रमाचा बराच भाग प्रथम उंदरांच्या पेशींत उलगडला आणि त्याची मुख्य रूपरेषा वराहातही तीच आढळते. परंतु सर्वच गोष्टी प्रजातींमध्ये सारख्या नसतात. माणसात नवी मेदाम्ले प्रामुख्याने यकृतात तयार होतात, तर वराहात मेदऊतीतच. शिवाय चरबी जाळून उष्णता निर्माण करणारे यूसीपी-१ हे जनुक वराहाच्या पूर्वजांत सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी निकामी झाले, म्हणूनच नवजात पिले थंडीने लवकर गारठतात. २०१७ मध्ये चिनी संशोधकांनी उंदराचे हे जनुक वराहात बसवले, तेव्हा त्या प्राण्यांना शरीराचे तापमान अधिक चांगले राखता आले आणि त्यांची चरबीही घटली.

जनुकाचे असणे आणि त्याचे कार्यरत असणे यांतील फरक आयजीएफ-२ या वाढीच्या जनुकाने सर्वांत स्पष्ट दाखवला. २००३ मध्ये असे आढळले की या जनुकाच्या प्रथिन न घडवणाऱ्या भागातील केवळ एक अक्षर बदलले, तर जन्मानंतर स्नायूंमधील त्याची अभिव्यक्ती सुमारे तिपटीने वाढते, मांस वाढते आणि पाठीवरील चरबी कमी होते. येथे प्रथिन तेच राहते, वाढते ते केवळ त्याचे प्रमाण. कारण बदललेल्या जागी दमनकारी प्रथिन चिकटू शकत नाही. हे दमनकारी प्रथिन झेडबीईडी-६ असल्याचे २००९ मध्ये निश्चित झाले. हा परिणाम पित्याकडून आलेल्या प्रतीचाच असतो, मातेकडून आलेली प्रत मूक राहते.

मांसोत्पादनाच्या दृष्टीने प्रश्न आणखी सूक्ष्म आहे. पाठीवरील जाड चरबी खाद्याचा अपव्यय मानली जाते, तर स्नायूंमधील बारीक चरबीने मांस मऊ व रसदार होते; ड्युरॉक जात या दुसऱ्या गुणासाठीच प्रसिद्ध आहे. दोन्ही ठिकाणी प्रमुख नियामक जनुके तीच असल्यामुळे, एक चरबी घटवून दुसरी राखायची असेल तर ती जनुके कोठे, केव्हा आणि किती कार्यरत होतात हेच पाहावे लागते. गोव्याची अगोंदा गोवन आणि पश्चिम बंगालची घुंगरू या आपल्याकडील नोंदणीकृत जातींचे मूल्यमापन करतानाही केवळ वजन व पिलांची संख्या न पाहता, त्यांच्या मेदऊतीतील जनुकांच्या अभिव्यक्तीचा पद्धतशीर अभ्यास व्हायला हवा.