आळ्याची समाधी आणि चार शरणे

जुन्नर तालुक्यात आळेफाट्याजवळ आळे गाव आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदविले असे मानतात, त्या रेड्याची समाधी येथे आहे. बँकेतील एका कर्जप्रकरणी माझी चौकशी चालू असताना मी प्रथम येथे आलो. देवाने संकट टाळावे, एवढीच इच्छा होती.

समाधीसमोर बसलो आणि ती चार भावंडे आठवली. आई-वडिलांना मुकलेली, समाजाने वाळीत टाकलेली ती मुले शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली होती. स्वतःलाच आश्रय नसता त्यांनी मुक्या जिवाला सोबत घेतले. परतीच्या वाटेवर त्याने देह ठेवला, तेव्हा त्याला येथे समाधी दिली, अशी परंपरा आहे.

आपण नित्य अरिहंत, सिद्ध, साधू आणि केवलीप्रणीत धर्म या चारांना शरण जातो. अरिहंत आपले कर्म पुसत नाहीत. ते भोगताना समभाव राखण्याचे बळ त्या शरणातून मिळते. चौकशी पुढे आठ महिने चालली. रोज सामायिक करून मी खरी तीच उत्तरे देत राहिलो. निकाल नंतर लागला. भय त्याआधीच गेले होते.