सीमेवरची सोयरीक

१९६७ च्या महाजन अहवालाने अक्कलकोट तालुका कर्नाटकाला द्यावा असे सुचवले. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. त्या तालुक्यातल्या दुधनीच्या लेकी मात्र आळंद-अफझलपूरला नांदायला जातात, तिकडच्या इकडे येतात. सोयरिकीला सीमा आड येत नाही, असे आम्ही वर्गात अभिमानाने सांगत आलो.

एकदा ओघात ग्रीस-तुर्कस्तानचा दाखला दिला. १९२३ साली तिथे माणसांची अदलाबदल झाली ती भाषा पाहून नव्हे, धर्म पाहून. तुर्की बोलणारे ख्रिस्तीही ग्रीसला धाडले गेले. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आपली सोयरीक परराज्यात जाते, शेजारच्या गल्लीत का जात नाही?" जातीचे नाव तिने घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती.

पुढे तिने त्या शेजारच्या गल्लीतल्याच मुलाशी नोंदणी विवाह केला. साक्षीदार म्हणून आम्हाला बोलावले होते. आम्ही उत्तरपत्रिकांचे निमित्त पुढे केले.

अलीकडे अशी काही लग्ने पत्रिका छापून होतात. आम्हीही अक्षता टाकून येतो, कौतुकाचे दोन शब्द बोलतो. पण जेव्हा एका सहीला किंमत होती, तेव्हा ती आम्ही केली नाही. सीमा आमच्याच अंगणातून जात होती.